अथेन्सची लोकशाही मतांवर नव्हे, सोडतीवर

आपल्या निवडणुका प्राचीन अथेन्समधून आल्या, असं सर्रास सांगितलं जातं. पण तिथली बहुतेक पदं सोडतीने भरत. ५०० जणांच्या परिषदेत नागरिकांच्या दहा गणांचे (गटांचे) प्रत्येकी ५०. वय किमान ३०, आणि आयुष्यात फार तर दोनदा संधी. न्यायसभेच्या पंचांसाठी तर खास दगडी यंत्र होतं. खाचांच्या ओळींत नावाच्या पट्ट्या बसवायच्या, नळीतून काळे-पांढरे गोळे सोडायचे; पांढरा गोळा आला की ती ओळ निवडली. किती विलक्षण! त्याचा तुकडा अथेन्सच्या अगोरा संग्रहालयात आहे. मतदानाने निवडत ते मुख्यतः दहा सेनापती. ॲरिस्टॉटल तर सोडतीलाच लोकशाहीचं लक्षण मानतो, निवडणुकीला मूठभरांच्या सत्तेचं. स्त्रिया, गुलाम, परके मात्र सोडतीबाहेरच.