जलशुद्धीकरण केंद्रातील विद्युत देखभालीची जबाबदारी: पात्रता, सक्षमता प्रमाणपत्र, कागदपत्रं आणि अर्ज

महाराष्ट्रात नगरपरिषदेच्या किंवा महापालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रात विद्युत देखभालीचं काम प्रमुख म्हणून सांभाळायचं असेल, तर दोन गोष्टी लागतात आणि त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळतात. पहिली म्हणजे नेमणूक. ती भरती परीक्षेतून किंवा कंत्राटदाराकडून मिळते. दुसरी म्हणजे विद्युत संचमांडणीवर (वायरिंग, पॅनेल आणि त्यांना जोडलेली उपकरणं) काम करण्याचा आणि करवून घेण्याचा कायदेशीर अधिकार. तो राज्याच्या विद्युत निरीक्षण यंत्रणेकडून मिळतो. भरतीची तयारी करताना पहिल्या गोष्टीचीच चर्चा होते आणि दुसरी राहून जाते. नेमणुकीचा आदेश हातात आहे, पण पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र नाही, अशा स्थितीत पॅनेलसमोर उभं राहणं स्वतःसाठीही धोक्याचं आणि हाताखालच्या माणसांसाठीही. म्हणून इथे दुसऱ्या गोष्टीबद्दल आधी आणि जास्त लिहिलं आहे.

काम कोणत्या प्रकारचं असतं

अर्ज करण्यापूर्वी कामाचा आवाका माहीत असावा, कारण पुढे अनुभवाच्या दाखल्यात तोच शब्दांत मांडायचा असतो. नदीवर किंवा धरणावर जॅकवेल (पाणी उपसण्याची विहीर) असते, तिथे कच्च्या पाण्याचे पंप. मोठ्या योजनांत या मोटारी ३.३ किंवा ६.६ केव्हीच्या असतात. महावितरणकडून ११, २२ किंवा ३३ केव्हीचा पुरवठा येतो, बऱ्याच ठिकाणी स्वतंत्र एक्स्प्रेस फीडरने (फक्त त्याच केंद्रासाठीच्या वाहिनीने). पुढे ट्रान्सफॉर्मर, एचटी (उच्चदाब) आणि एलटी (लघुदाब) पॅनेल, कपॅसिटर बँक (पॉवर फॅक्टर सुधारणारा संच), जनरेटर. शुद्धीकरण केंद्रात फ्लॅश मिक्सर (तुरटी पाण्यात झटपट मिसळणारं यंत्र), क्लॅरिफ्लॉक्युलेटरचा (गाळ खाली बसवणाऱ्या टाकीचा) फिरता पूल, तुरटीचे डोसिंग पंप, फिल्टर धुण्याचे ब्लोअर, क्लोरिनेटर आणि शेवटी टाक्यांकडे पाणी चढवणारे शुद्ध पाण्याचे पंप. नव्या केंद्रांत या सगळ्यावर पीएलसी आणि स्काडाची (संगणकावरून चालणाऱ्या नियंत्रण आणि देखरेख प्रणालींची) नजर असते.

कारखान्यातल्या देखभालीपेक्षा हे काम दोन बाबतींत वेगळं आहे. एक म्हणजे ओल आणि क्लोरीन. क्लोरीन वायू दमट हवेत तांब्याचे संपर्क आणि टर्मिनलं खातो, त्यामुळे क्लोरीनच्या खोलीजवळचं पॅनेल दुसरीकडच्या पॅनेलपेक्षा लवकर खराब होतं. पावसाळ्यात केबलच्या जोडांत पाणी शिरतं आणि मेगरचं (इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राचं) रीडिंग घसरतं. दुसरी बाब म्हणजे यंत्रणा बंद ठेवायला मिळणारा वेळ. पुण्यात पर्वती, वडगाव, लष्कर अशा जलकेंद्रांच्या विद्युत, पंपिंग आणि स्थापत्य दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवल्याची आणि शुक्रवारी सकाळी उशिरा, कमी दाबाने पाणी येणार असल्याची सूचना नागरिकांच्या ओळखीची झाली आहे. त्या एका दिवसात ट्रान्सफॉर्मरचं तेल तपासणं, ब्रेकरची सर्व्हिसिंग, केबल बदलणं, अर्थिंगची मापनं हे सगळं उरकायचं असतं. घाई असते, अनेक गट एकाच वेळी काम करत असतात, आणि अपघात अशाच दिवशी होण्याचा धोका सर्वांत जास्त. काम कोणाच्या देखरेखीखाली चाललं आहे, हा प्रश्न कायद्याने विचारला आहे तो यासाठीच.

कायदा काय मागतो

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५३ खाली केंद्रीय विद्युत प्राधिकरण सुरक्षेचे विनियम करतं. २०१० चे विनियम बरीच वर्षं लागू होते, आता त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली आहे. त्यातल्या दोन तरतुदी या पदासाठी महत्त्वाच्या.

पहिली: वीजग्राहकाने आपल्या विद्युत वाहिन्या आणि उपकरणांवर काम करणाऱ्या व्यक्ती नामनिर्देशित करायच्या आणि त्यांची नावं, कोणत्या कामासाठी नेमलं त्यासह, नोंदवहीत लिहायची. ज्याच्याकडे शासनाचं सक्षमता प्रमाणपत्र किंवा काम करण्याचा परवाना नाही, त्याला असं नामनिर्देशित करता येत नाही. विद्युत निरीक्षकाने मागितली की ही नोंदवही दाखवावी लागते. नगरपरिषदही महावितरणची ग्राहकच आहे, त्यामुळे हे तिलाही लागू होतं.

दुसरी: ग्राहकाच्या जागेत नवं काम, वाढ, बदल किंवा दुरुस्ती करायची तर ती परवानाधारक विद्युत ठेकेदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या तारतंत्रीकडून (वायरमनकडून) करून घ्यायची. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं यातून वगळली आहेत. पंपाचा स्टार्टर बदलणं किंवा पॅनेलमध्ये नवा फीडर काढणं त्या किरकोळ कामांत बसत नाही.

पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र

बोलीभाषेत याला अजूनही ‘पीडब्ल्यूडी लायसन्स’ म्हणतात. आज हा विषय उद्योग, ऊर्जा विभागाच्या अखत्यारीतल्या विद्युत निरीक्षण यंत्रणेचा आणि तिच्या अनुज्ञापक (परवाने देणाऱ्या) मंडळाचा आहे. तारतंत्रीचा परवाना, पर्यवेक्षकाचं सक्षमता प्रमाणपत्र आणि ठेकेदाराची अनुज्ञप्ती हे तीन वेगळे दस्तऐवज आहेत. देखभालीच्या प्रमुखाला यातला मधला लागतो.

इथे पोहोचायचे दोन मार्ग. विद्युत शाखेची पदवी किंवा पदविका असणाऱ्यांना ठरावीक अनुभवानंतर परीक्षेतून सूट घेऊन प्रमाणपत्र मागता येतं. आयटीआयच्या वीजतंत्री किंवा तारतंत्री व्यवसायातून आलेल्यांनी आधी शिकाऊ उमेदवारी पूर्ण करावी, तारतंत्रीचा परवाना घ्यावा, त्या परवान्यावर काम करावं आणि मग पर्यवेक्षक परीक्षेला बसावं. आयटीआयवाल्यांनी हा दुसरा मार्ग लांबचा म्हणून सोडू नये, असं मनापासून सांगावंसं वाटतं. अनेक छोट्या केंद्रांत वर्षानुवर्षं पंप चालू ठेवणारी माणसं याच वाटेने आलेली आहेत, आणि हाती प्रमाणपत्र नसल्यामुळे त्यांना कायम ‘मदतनीस’ म्हणून मोजलं जातं.

अर्जासोबत शैक्षणिक प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका, जन्मतारखेचा पुरावा, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, फोटो, सही, शासकीय शुल्क भरल्याचं चलन आणि अनुभवाचा दाखला लागतो. बाकी कागद जमवणं सोपं असतं, अडतं ते अनुभवाच्या दाखल्यावर. ‘सदर व्यक्तीने आमच्याकडे समाधानकारक काम केले’ एवढ्या एका ओळीच्या दाखल्यातून तपासणाऱ्याला काहीच कळत नाही. दाखल्यात पदनाम, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कामाचं स्वरूप, संचमांडणीचा व्होल्टेज आणि जोडभार (जोडलेल्या उपकरणांची एकूण क्षमता), तुम्ही कोणाच्या देखरेखीखाली काम केलं, त्याचा परवाना क्रमांक, आणि दाखला देणाऱ्याची सही, पदनाम, शिक्का हे सगळं असावं. कंत्राटदाराकडे काम केलं असेल, तर त्याच्या ठेकेदार अनुज्ञप्तीची प्रत आणि तुमच्या पगाराचा किंवा भविष्य निर्वाह निधीचा पुरावा सोबत जोडा. आणि हा दाखला काम सोडतानाच घ्या. कंत्राटं बदलतात, कार्यालयं हलतात, नंतर माणसं सापडत नाहीत.

प्रमाणपत्र मिळालं की त्यावरची मुदत आणि नूतनीकरणाची अट वाचून ठेवा. मुदत संपलेलं प्रमाणपत्र अपघाताच्या चौकशीत उपयोगी पडत नाही.

नेमणूक कुठून मिळते

नगरपरिषदा आणि नगरपंचायतींसाठी महाराष्ट्र नगरपरिषद राज्यसेवा आहे, तिचं काम नगरपरिषद प्रशासन संचालनालय पाहतं. २०२३ मध्ये या सेवेच्या गट-क पदांसाठी १,७८२ जागांची जाहिरात निघाली होती. त्यात विद्युत अभियांत्रिकी सेवेच्या ४८ आणि पाणीपुरवठा, जलनिःसारण व स्वच्छता अभियांत्रिकी सेवेच्या ६५ जागा होत्या. अर्ज १३ जुलै ते २० ऑगस्ट २०२३ या काळात ऑनलाइन घेतले गेले, शुल्क खुल्या प्रवर्गाला १,००० रुपये आणि मागास प्रवर्गाला ९०० रुपये होतं. या दोन सेवांची नावं जाहिरातीत जवळजवळ येतात, पण शैक्षणिक अर्हता वेगळी असते. जलशुद्धीकरण केंद्रात काम करायचं म्हणून विद्युत शाखेच्या उमेदवाराने पाणीपुरवठा सेवेचा रकाना निवडला, तर अर्ज तिथेच बाद होऊ शकतो. ही राज्य संवर्गाची नोकरी आहे, म्हणजे एका नगरपरिषदेतून दुसरीकडे बदली होते. छोट्या गावात पथदिवे, कार्यालयाची वीज आणि पाणीपुरवठ्याचे पंप हे सगळं एकाच विद्युत अभियंत्याकडे येतं, हेही ध्यानात असू द्या.

महापालिका आपापली भरती करतात. मुंबई महापालिकेने २०२४ मध्ये अभियंत्यांच्या ६९० जागा जाहीर केल्या, त्यात यांत्रिकी व विद्युत शाखेचे कनिष्ठ अभियंता १३० आणि दुय्यम अभियंता ७७ होते. कनिष्ठ अभियंत्याला पदविका, दुय्यम अभियंत्याला पदवी. पदविकाधारकांना म्हणूनच महापालिकांच्या जाहिरातींकडे बारीक लक्ष ठेवायला हवं. मुंबईच्या भांडुप संकुलात दिवसाला १,९१० आणि ९०० दशलक्ष लिटर क्षमतेची दोन केंद्रं आहेत. अशा ठिकाणी विद्युत देखभाल हा स्वतंत्र विभाग असतो आणि शिकायला भरपूर मिळतं.

तिसरा मार्ग देखभाल-दुरुस्तीच्या कंत्राटाचा. अनेक केंद्रं ठेकेदार चालवतात आणि निविदेत परवानाधारक पर्यवेक्षक व तारतंत्री ठेवण्याची अट असते. इथे परीक्षा नसते, प्रमाणपत्र हीच पात्रता ठरते. मात्र नेमणूकपत्र लेखी घ्या आणि त्यात ‘विद्युत पर्यवेक्षक’ हा शब्द असल्याची खात्री करा. पुढच्या अनुभवाच्या दाखल्याचा पाया तोच.

भरतीच्या अर्जाचे कागद

वयोमर्यादा राज्याच्या सर्वसाधारण नियमाप्रमाणे खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागास प्रवर्गाला ४३ वर्षं असते. दिव्यांग, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त यांच्यासाठी वेगळ्या सवलती जाहिरातीत दिलेल्या असतात.

अधिवास प्रमाणपत्र, दहावीचं प्रमाणपत्र, पदवी किंवा पदविकेच्या सर्व सत्रांच्या गुणपत्रिका, एमएस-सीआयटी किंवा समकक्ष संगणक अर्हता, जातीचं प्रमाणपत्र, जातवैधता, नॉन-क्रीमीलेअर किंवा आर्थिक दुर्बल घटकाचं प्रमाणपत्र, जे लागू असेल ते. काही महापालिका दहावीला मराठी विषय असल्याचा पुरावा मागतात. प्रमाणपत्रांवरचं नाव वेगवेगळं असेल, तर राजपत्राची किंवा विवाह नोंदणीची प्रत जोडा. कर्नाटक सीमाभागातल्या महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतील मराठी उमेदवारांनाही राज्याच्या भरतीत अर्ज करता येतो, त्यासाठी तिथल्या १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो.

तीन कागदांवर उमेदवार अडकतात. नॉन-क्रीमीलेअरची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते, जाहिरातीत दिलेल्या तारखेला ते वैध असायला हवं. जातवैधतेला महिने जातात, म्हणून भरतीची वाट न पाहता त्यासाठी लागणारे पूर्वजांचे पुरावे आधीच गोळा करा. आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन, नमुना ‘अ’: २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या मुलामुळे हयात मुलांची संख्या दोनपेक्षा जास्त झाली असेल, तर उमेदवार अपात्र ठरतो. खुल्या प्रवर्गातल्या महिलांना आरक्षणासाठी नॉन-क्रीमीलेअर द्यावं लागे, ती अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने काढून टाकली आहे.

ऑनलाइन अर्जात फोटो आणि सही अपलोड करायची असते. आयबीपीएस ही बँकांच्या भरती परीक्षा घेणारी संस्था घेत असलेल्या परीक्षांत डाव्या अंगठ्याचा ठसा आणि स्वहस्ते लिहिलेलं घोषणापत्रही लागतं. शुल्क भरल्यावर अर्जाची पीडीएफ आणि पावती जपून ठेवा, कागदपत्र पडताळणीला त्याच अर्जातली माहिती ताडून पाहतात.

रुजू झाल्यावरची कार्यवाही

नेमणुकीचा आदेश मिळाला की आपल्या सक्षमता प्रमाणपत्राची प्रत जोडून मुख्याधिकाऱ्यांना किंवा कार्यकारी अभियंत्यांना एक पत्र द्या: केंद्राच्या विद्युत संचमांडणीसाठी मला नामनिर्देशित करून नोंदवहीत नोंद घ्यावी. पत्राची पोच घ्या. बदली झाली की नव्या केंद्रात हीच नोंद पुन्हा करून घ्यायची.

पहिल्या आठवड्यात मागचे कागद पाहायला मागा: विद्युत निरीक्षकांचा शेवटचा तपासणी अहवाल आणि त्यातल्या त्रुटींची पूर्तता, अर्थिंगच्या मापनांची नोंद, ट्रान्सफॉर्मर तेलाचे अहवाल, सिंगल लाइन डायग्राम (वीजजोडणीचा एकरेषीय नकाशा), आणि महावितरणची मागच्या वर्षाची बिलं. सार्वजनिक पाणीपुरवठ्यासाठी वेगळा वीजदर आहे आणि १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांची आकारणी केव्हीएएचवर (पॉवर फॅक्टरही हिशेबात धरणाऱ्या एककावर) होते, त्यामुळे कपॅसिटर बँक बंद पडली की नगरपरिषदेचं बिल लगेच चढतं. तुमच्यासोबत काम करणाऱ्या प्रत्येक तारतंत्रीचा परवाना स्वतः पाहा. ज्याच्याकडे नसेल, त्याला पॅनेल उघडायला सांगू नका आणि त्याचा अर्ज भरायला बसवा, अनुभवाचा दाखला तुम्हीच द्यायचा आहे.

अपघात झालाच, तर विद्युत निरीक्षकांना २४ तासांत कळवावं लागतं आणि ४८ तासांत नमुना ‘अ’ मध्ये लेखी अहवाल द्यावा लागतो. हा नमुना लहान कुटुंबाच्या नमुना ‘अ’ पेक्षा वेगळा आहे. त्याच्या कोऱ्या प्रती आणि निरीक्षक कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक कंट्रोल रूममध्ये लावून ठेवा. शेजारीच विजेचा धक्का बसलेल्या माणसावर करायच्या उपचारांचा मराठी तक्ता असावा, तोही विनियमांनीच सांगितलेला आहे.