सिम्बॅलम बुडबुडा गोगलगाय

मृदुकाय संघाच्या हॅमिनोईडी कुलातील एक लहान सागरी गोगलगाय. शास्त्रीय नाव लॅम्प्रोहॅमिनोईया सिम्बॅलम. पॅसिफिक महासागराच्या उष्ण भागात, उथळ पाण्यातील शेवाळलेल्या खडकांवर ती आढळते. क्वचित एकाच जागी मोठ्या संख्येने. लांबी सर्वसाधारणपणे १ ते १.५ सेंमी. आहार शैवलांचा. नर व मादी इंद्रिये एकाच प्राण्यात असतात.

शंख फुगीर, कागदासारखा पातळ व पारदर्शक असतो. शिखर आत दबलेले असून प्राणी पूर्णपणे आत मावत नाही. डोक्यावर चपटी ढाल असते आणि पायाच्या दोन पाळ्या बाजूंनी शंखावर चढलेल्या असतात. शंखावर दिसणारे रंग खरे तर आतल्या त्वचेचे. त्यामुळे किनाऱ्यावर सापडलेल्या रिकाम्या, फिकट शंखावरून कुल सांगता येते. जाती सांगण्याचे धाडस करू नये. संग्रहालयांतील केवळ शंखांवर आधारलेल्या जुन्या नोंदी याच कारणाने जपून वापराव्या लागतात.

जिवंत प्राण्याचे अंग हिरवट असून त्यावर केशरी ठिपके विखुरलेले असतात. तिच्या जवळच्या लॅम्प्रोहॅमिनोईया ओव्हॅलिस या जातीत केशरी ठिपक्यांबरोबर जांभळे ठिपकेही असतात. मात्र रंग बराच बदलतो. तांबड्या समुद्रातून १९८३ मध्ये वर्णिलेली, जांभळ्या किनारीची सायनोमार्जिनाटा ही पुढे भूमध्य समुद्रातही पसरली. ती वेगळी जाती मानली जात असे. रेणवीय पुराव्यानंतर तिला ओव्हॅलिसमध्येच धरण्याकडे कल असून तेच मत अधिक सयुक्तिक वाटते. संशयाच्या वेळी दंतपट्टिका (अन्न खरवडणारी दातेरी पट्टी), पेषणीतील (अन्न दळणाऱ्या जठरातील) तीन पट्ट आणि नर जननेंद्रिय तपासतात.

जातीचे पहिले वर्णन ‘ॲस्ट्रोलॅब’ जहाजावरील फ्रेंच नौदल शल्यवैद्य क्वा व गेमार यांनी पश्चिम पॅसिफिकमधील ग्वॉम बेटावरील नमुन्यांवरून ‘बुला सिम्बॅलम’ या नावाने केले. त्याचे साल बहुधा १८३२. काही सूचींत नंतरची सालेही दिलेली आढळतात. पुढे ती दीर्घकाळ हॅमिनोईया या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात) राहिली. हे प्रजातिनाम जुन्या ग्रंथांत ‘हॅमिनिया’ असेही लिहिलेले दिसते. लॅम्प्रोहॅमिनोईया ही प्रजाती जपानी शंखतज्ज्ञ हाबे यांनी १९५२ मध्ये सुचवली होती. २०१९ च्या कुलपुनर्रचनेत ऑस्कार्स, मालाकियास व सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे तिला मान्यता दिली. हॅमिनोईया हे नाव अटलांटिक व पूर्व पॅसिफिकमधील जातींपुरते उरले.

ग्वॉममधील नमुन्यांतून १९८९ मध्ये कुमेपॅलॉक्सेन हे टर्पीन (सजीवांत तयार होणारी कार्बनी संयुगे) वर्गातील संयुग वेगळे करण्यात आले. डिवचल्यावर गोगलगाय ते सोडते आणि मांसाहारी मासे ते लावलेले खाद्य टाळतात.