पार्श्वभूमी : सुकाणूचा उलटा हुकूम

नाळ, डोलकाठी, शीड, परबाण, नांगर हे शब्द किनाऱ्यावरच्या वाचकाला फोड करून सांगायला नकोत. गोव्यातल्या कदंबकालीन वीरगळांवर वल्हेकऱ्यांसह लढाऊ जहाजे कोरलेली आहेत. 1510 नंतर पोर्तुगीजांच्या शब्दांची भर पडली. खलाशी बोलीत पुढच्या डोलकाठीला तिरकट म्हणत, तो त्यांचाच शब्द. गुंता झाला तो उजव्या-डाव्याचा, आणि तो इंग्रजांनी करून ठेवला.

नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडे, तोंड करून उभे राहिले की उजवी बाजू स्टारबोर्ड, डावी पोर्ट. युरोपात पूर्वी सुकाणूचे वल्हे उजव्या कडेला बांधत, त्यामुळे जहाज धक्क्याला डाव्या अंगाने लावावे लागे. या डाव्या बाजूला इंग्रज आधी लारबोर्ड म्हणत. वाऱ्यात ओरडून सांगितले तर स्टारबोर्ड आणि लारबोर्ड सारखेच ऐकू येत. 1844 मध्ये ब्रिटिश आरमाराने लारबोर्ड मोडीत काढला.

एवढ्यावर भागले असते, पण हुकूम उलटाच राहिला. बेतूलला साळ नदीच्या मुखाशी होडी वळताना पाहावी. मागे बसलेला माणूस इंजिनाचा दांडा उजवीकडे ढकलतो आणि नाळ डावीकडे जाते. सुकाणूच्या दांड्याचेही तसेच. जुना हुकूम या दांड्याला उद्देशून असे, म्हणजे ‘स्टारबोर्ड’ म्हटले की जहाज डावीकडे. अठराव्या शतकात चाक आले, दांडा नजरेआड गेला, हुकूम मात्र दांड्याचाच चालू राहिला. 1912 मध्ये टायटॅनिकवर ‘स्टारबोर्ड’चा हुकूम सुटला आणि जहाज डावीकडे वळले, ते बरोबरच होते. यावरून सुकाणीवर खापर फोडणारे अजून भेटतात.

सागरी सुरक्षेसाठी भरलेल्या 1929 च्या लंडन परिषदेत ठरले की, हुकमात जी बाजू असेल तिकडेच जहाज वळावे. ब्रिटिश जहाजांवर हे लागू व्हायला 1 जानेवारी 1933 उजाडला. परंपरेच्या नावाखाली दोनशे वर्षे रेटलेला हा निव्वळ हट्ट होता, असे आमचे मत.

मांडवी-जुवारीवरची खनिजाच्या बार्जची वर्दळ त्यानंतरची, त्यामुळे तिथल्या सुकाण्यांच्या वाट्याला सरळ हुकूमच आला. 2012 च्या खाणबंदीने बार्ज काठाला लागली आणि ती बोलीही ओसरली. अलीकडे चर्चा आहे ती गोव्यात फळ्या काथ्याने शिवून बांधलेल्या ‘कौंडिण्य’ या शिडाच्या नौकेची. फेब्रुवारी 2025 मध्ये ती पाण्यात उतरली, मे महिन्यात कारवारला नौदलात आली. तिचा आराखडा अजिंठ्यातल्या पाचव्या शतकातल्या चित्रावरून केलेला. शिडे चौकोनी, आणि आजच्या जहाजांसारखे सुकाणू नाही. वळवायला वल्हीच. आरमारी खलाशांना ही वल्ही हाताळायचे शिक्षण नव्याने घ्यावे लागले.