दहा रुपयांच्या नाण्याएवढं भोक

गेल्या महिन्यात डोंबिवलीहून भाचीचा फोन आला. तिच्याकडे काजळी नावाची मांजर आहे, शेपटीच्या टोकापर्यंत काळी. कॅमेरा आहे, चार वर्षांपूर्वी घेतलेला डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा, आणि त्याच्या खोक्यातूनच आलेली १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स. हा आकडा जितका मोठा तितकं दूरचं जवळ दिसतं. "मामा, काजळीचा एकही फोटो धड येत नाही. एक तर हललेला, नाही तर दाणेदार. दुकानदार म्हणतात ७०-३०० घ्या, एकदम जवळचं दिसेल. घेऊ का?"

मी विचारलं, तुमचा हॉल केवढा आहे? दहा बाय बारा.

दहा बाय बाराच्या हॉलमध्ये ३०० मिलिमीटरवर मांजरीचं तोंड तेवढं चौकटीत मावेल, बाकीची मांजर बाहेर. लांबलचक लेन्स म्हणजे भारी लेन्स, हा समज इतका पक्का बसला आहे की घरातल्या कुत्र्या-मांजरांसाठी लोक दहा-पंधरा हजार रुपये चुकीच्या ठिकाणी घालून येतात. वाघाचा फोटो काढताना अंतर ही अडचण असते. घरातली मांजर तर मांडीवर येऊन बसते. तिथे अडचण असते ती प्रकाशाची.

ही अडचण आपल्याला जाणवत नाही, कारण आपला डोळा फार समजूतदार आहे. भर दुपारच्या उन्हात साधारण एक लाख लक्स प्रकाश असतो (लक्स हे उजेडाचं माप). संध्याकाळी दिवा लावलेल्या हॉलमध्ये तो शंभरच्या आसपास येतो, म्हणजे हजारपट कमी. तरी आपण तिथे पेपर वाचतो, भाजी निवडतो आणि "लख्ख उजेड आहे की" म्हणतो. डोळ्याची बाहुली मोठी होते, पडदा जास्त संवेदनशील होतो आणि मेंदू सगळं सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला असं सांभाळून घेणारं कोणी नाही. त्याला प्रकाश मिळवण्याचे दोनच मार्ग आहेत: दार जास्त वेळ उघडं ठेवायचं, किंवा दारच मोठं करायचं. दार उघडं राहील तेवढा वेळ मांजर स्थिर बसत नाही, म्हणून दार मोठं हवं.

आता एक दहा रुपयांचं नाणं घ्या आणि शर्टाच्या कॉलरच्या बटणाशेजारी धरा. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर, बटणाचा नऊच्या आसपास. स्वस्तातल्या ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्समधलं, समोरून दिसणारं भोक जवळपास त्या नाण्याएवढं असतं. भाचीची किट लेन्स ५० वर नेली की तिचं भोक त्या बटणाएवढं होतं. लेन्सवर लिहिलेला एफचा आकडा हा साधा भागाकार आहे: नाभीय अंतर (लेन्सचा तो मिलिमीटरचा आकडा) भागिले भोकाचा व्यास. ५० ला १.८ ने भागलं की २७.८ येतात, ५.६ ने भागलं की ८.९. म्हणूनच आकडा जितका लहान तितकं भोक मोठं. व्यास तिप्पट झाला तर क्षेत्रफळ नऊ-दहापट होतं आणि प्रकाशही तितकाच वाढतो.

शंभर लक्सच्या त्या हॉलमध्ये आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदनशीलतेचा आकडा, १६०० ठेवला तर किट लेन्सला शटर, म्हणजे ते दार, १/२० सेकंद उघडं ठेवावं लागतं. नाण्याएवढ्या भोकाला १/२०० सेकंद पुरतो. मांजरीचा पंजा सेकंदाला एक मीटर वेगानं हलला, तर पहिल्या फोटोत तो पाच सेंटिमीटर फराटला जातो, दुसऱ्यात अर्धा सेंटिमीटर. काजळीचे फोटो हलत होते ते एवढ्याचमुळे. भाचीचा हात थरथरत नव्हता की कॅमेरा जुना झालेला नव्हता.

"मग आयएसओ आणखी वाढवला तर?" तिनं विचारलं. आयएसओ वाढवल्यानं नवा प्रकाश येत नाही, आहे त्याचाच आवाज मोठा होतो. दाणे का दिसतात ते समजायला पावसाकडे बघावं. अंगणात दोन सारख्या वाट्या ठेवल्या आणि भुरभुर पडून गेली, तर एकीत आठ थेंब असतील, दुसरीत तेरा. धो-धो पडला तर दोन्हींत सारखंच पाणी दिसेल. प्रकाशाचे कण असेच पडतात. शंभर कण अपेक्षित असतील तर दहाएकांचा फरक पडतो, म्हणजे दहा टक्के. दहा हजार असतील तर शंभराचा, म्हणजे एक टक्का. शेजारशेजारच्या बिंदूंमधला हा फरक आपल्याला दाणे म्हणून दिसतो, आणि त्यावर खरा उपाय जास्त प्रकाश गोळा करणं हाच आहे.

मोठं भोक इतकं मोलाचं असेल, तर ते महाग असायला हवं. एरवी असतंच. पण नेमकी ५० ची एफ १.८ लेन्स दहा हजारांच्या आसपास मिळते, वापरलेली त्याहून कमीत. ती स्वस्त का, ही मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट आहे.

तिचं मूळ १८१७ सालात आहे. गणितज्ञ गाउस यांनी दुर्बिणीसाठी दोन भिंगांची एक जोडी सुचवली होती, दोन्ही भिंगं चंद्रकोरीच्या आकाराची. १८८८ मध्ये अमेरिकेतले दुर्बीण बनवणारे अल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांनी अशा दोन जोड्या एकमेकींकडे पोकळ बाजू करून समोरासमोर ठेवल्या. १८९६ मध्ये झाइस या जर्मन कंपनीच्या पॉल रुडॉल्फ यांनी त्यातून 'प्लॅनार' लेन्स घडवली. मधोमध भोक आणि दोन्ही बाजूंना एकमेकींची आरशातली प्रतिबिंबं, अशी ही मांडणी.

या सारखेपणानं काय साधतं? भिंग एकटं असलं की कडेच्या किरणांना नीट वळवत नाही. सरळ रेषा वाकतात, कडेचा ठिपका धूमकेतूसारखा शेपूट काढतो, लाल आणि निळ्या रंगांची प्रतिमा वेगवेगळ्या मापाची होते. पण मधल्या भोकाच्या दोन्ही बाजूंना तीच रचना उलटी ठेवली, की पुढच्या अर्ध्यानं किरण जितका बाहेर ढकलला, जवळपास तितकाच मागचा अर्धा त्याला आत ओढतो. तीन दोष एकमेकांना खोडून काढतात, आणि त्यासाठी वेगळी काच लागत नाही, वेगळा खर्चही येत नाही.

एक दोष मात्र असा खोडला जात नाही, आणि इथे थोडं सावकाश वाचावं लागेल. भिंगाची प्रतिमा मुळात सपाट पडद्यावर पडत नाही, ती वाटीसारख्या वक्र पृष्ठभागावर पडते. मध्य स्पष्ट आला तर कडा अस्पष्ट येतात. अंतर्गोल पृष्ठभाग ही वाटी सपाट करू शकतो, पण तो किरणांना फाकवतोही, म्हणजे लेन्सची मूळ शक्तीच कमी करतो. युक्ती अशी की जाड चंद्रकोरीत किरण बाहेरच्या फुगीर बाजूनं अक्षापासून, म्हणजे लेन्सच्या मधोमध जाणाऱ्या रेषेपासून, दूर शिरतो आणि काचेतून जाता जाता अक्षाकडे सरकतो. आतल्या पोकळ बाजूशी पोचेपर्यंत तो अक्षाच्या जवळ आलेला असतो. पृष्ठभागाची फाकवण्याची ताकद किरण अक्षापासून किती दूर आहे त्यावर ठरते, पण वाटी सपाट करण्याची ताकद त्यावर ठरत नाही. त्यामुळे पोकळ बाजू फाकवते थोडं आणि सपाट करते पुरेपूर. जाड काचेची ती कोर त्यासाठीच असते. 'प्लॅनार' हे नावही प्रतलावरून, म्हणजे सपाट पृष्ठभागावरूनच आलं.

त्या काळी ही लेन्स फारशी चालली नाही, कारण काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परत फिरतो. दहा पृष्ठभाग असले तर एक तृतीयांश प्रकाश गेलाच, आणि तो आतल्या आत उड्या मारून चित्र धुरकट करतो. १९२० मध्ये इंग्लंडच्या होरेस ली यांनी सारखेपणा मुद्दाम किंचित मोडून हीच रचना एफ २ पर्यंत उघडी केली. १९३५ मध्ये झाइसच्याच स्माकुला यांनी काचेवर पातळ विलेपन चढवून प्रकाशाचं हे परत फिरणं बरंच कमी केलं. तिथून या रचनेचे दिवस फिरले.

आणि मग ५० हा आकडा. डीएसएलआरमध्ये आरशाला हलायला जागा लागते, म्हणून लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सर, म्हणजे प्रतिमा टिपणारा भाग, कॅननमध्ये ४४ मिलिमीटर आणि निकॉनमध्ये ४६.५ मिलिमीटर लांब असतो. ५० मिलिमीटरची लेन्स तेवढ्या अंतरात सहज बसते. २४ किंवा ३५ ची साधी लेन्स बसवायची तर ती आरशाच्या जागेत घुसेल. मग तिची प्रतिमा मागे ढकलायला जादा भिंगं घालावी लागतात. कॅननच्या ५० एफ १.८ मध्ये फक्त सहा भिंगं आहेत, सगळी साध्या गोलाकार पृष्ठभागांची, म्हणजे घासायला आणि चकचकीत करायला सोपी. १९८७ पासून बाहेरचं कवच बदललं, मोटर बदलली, पण आतलं गणित तेच आहे. फिल्मच्या काळात ५० हीच कॅमेऱ्याबरोबरची नेहमीची लेन्स होती, त्यामुळे या लेन्सवर कारखान्यांचा हात कधीचाच बसलेला आहे.

मोठ्या भोकाची किंमत फोकसमध्ये मोजावी लागते. साध्या डीएसएलआरमध्ये असतो त्या लहान, एपीएस-सी सेन्सरवर दीड मीटरवरून एफ १.८ ला जेमतेम साडेसहा सेंटिमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो, एक मीटरवरून तीन. मांजरीला हे चालून जातं. लॅब्रेडॉरचं नाक स्पष्ट आलं तर डोळे धूसर होतात, म्हणून फोकस नेहमी जवळच्या डोळ्यावर ठेवायचा आणि उजेड असेल तर भोक २.८ किंवा ४ वर आणायचं. नाकावरून आठवलं. मोबाइलवर कुत्र्याचं नाक भोपळ्याएवढं दिसतं, त्याचा दोष लोक लेन्सला देतात. खरं कारण अंतर आहे. नाक डोळ्यांच्या दहा सेंटिमीटर पुढे असेल आणि कॅमेरा नाकापासून तीस सेंटिमीटरवर असेल, तर नाक डोळ्यांच्या मानानं ३३ टक्के मोठं येतं. नाकापासून दीड मीटरवर मागे गेलात तर सात टक्के. ५० ची लेन्स तुम्हाला आपोआप तेवढं मागे जायला लावते.

"माझ्या फोनवरही एफ १.८ लिहिलंय," हे भाचीनं म्हटलंच. पण फोनचं नाभीय अंतर सहाएक मिलिमीटर असतं. भागाकार करा, भोक तीन-साडेतीन मिलिमीटरचं निघतं, मिऱ्याच्या दाण्याहून लहान. तेवढ्याच अंतरावरून काजळीच्या एका मिशीकडून येणारा जेवढा प्रकाश फोनमध्ये शिरतो, त्याच्या साठ-सत्तरपट त्या नाण्याएवढ्या भोकातून शिरतो. जाहिरातीतले मेगापिक्सेल आणि शंभरपट झूम ही तूट भरून काढत नाहीत. पोर्ट्रेट मोडमधली धूसर पार्श्वभूमी गणितानं रंगवलेली असते, आणि त्या गणिताला मिश्या आणि कानाचे केस अजून नीट ओळखता येत नाहीत.

काजळी काळी आहे, याचा त्रास कॅमेऱ्याला निराळाच होतो. समोरचं सगळं मध्यम करडं आहे असं धरून कॅमेरा उजेड मोजतो. काळी मांजर चौकटभर दिसली की तो तिला करडी करायला बघतो आणि त्यापायी शटर आणखी लांबवतो. म्हणून एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, मुद्दाम उणे एक करायचं. मांजर खरी काळी दिसते आणि शटरचा वेळही निम्म्यावर येतो. पांढऱ्या मांजरीला उलट, अधिक एक.

हा काळेपणा म्हणजे केसांतलं मेलॅनिन, आपल्या केसांत आहे तेच. ते प्रकाश शोषतं, याहून त्यात काहीही नाही. ती आडवी गेल्यानं कुणाचं काम अडत नाही. तरी आजही काळं पिल्लू घरात नको म्हणणारे लोक मला भेटतात आणि मला मनापासून वाईट वाटतं. रात्री तिचे डोळे पेटतात, असंही म्हणतात. डोळ्यात उजेड निर्माण होत नाही. पडद्यामागे टॅपेटम नावाचा चकचकीत थर असतो. पडद्याला चुकवून गेलेला प्रकाश तो परत पाठवतो, म्हणजे पडद्याला तो टिपायची दुसरी संधी मिळते. समोरून फ्लॅश मारला की हाच थर हिरवट चमकतो आणि फोटो वाया जातो. फ्लॅश वापरायचाच तर तो छताकडे वळवावा. मांजरीच्या बाहुलीचं क्षेत्रफळ १३५ पट कमी-जास्त होऊ शकतं, आपलं फार तर पंधरापट. भोकाच्या बाबतीत तिनं आपल्याला केव्हाच मागे टाकलं आहे.

विकत घेताना दोन गोष्टी बघाव्यात. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी ५० एफ १.८ डी लेन्स त्यांवर आपोआप फोकस करत नाही. पळणाऱ्या जनावरावर हातानं फोकस जुळत नाही, म्हणून एएफ-एस लिहिलेलीच, म्हणजे स्वतःची मोटर असलेली घ्यावी. घर फारच लहान असेल तर निकॉनची ३५ एफ १.८ चांगली. दुसरं म्हणजे बुरशी. आपल्याकडचा पावसाळा, त्यातून कोकण-मुंबईची हवा. वापरलेली लेन्स घेताना दोन्ही झाकणं काढायची, मागून मोबाइलचा टॉर्च धरायचा आणि पुढून तिरकं बघायचं. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यायची. चार धुळीचे कण दिसले तर काही बिघडत नाही.

भाचीनं वापरलेली ५० घेतली, टॉर्च मारून बघून. परवा फोटो आला. दुपारची वेळ, काजळी खिडकीत, कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर. डाव्या डोळ्यात खिडकीचं प्रतिबिंब पडलं आहे. मोठं करून बघितलं तर त्यातले गज मोजता येतात. मी मोजले, सात आहेत.