सातबाऱ्यावर नाव नाही, जमीन मात्र संपादनात: मोबदल्यावर हक्क कसा सांगायचा?

रायगड-ठाण्याकडची दळी जमीन (वनखात्याची, कसायला दिलेली), वहिवाटीतला वरकस (हलक्या प्रतीची जमीन), तोंडी कुळाने केलेलं भातखाचर. कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, असं सर्रास असतं. संपादनाची नोटीस उताऱ्यावरच्या नावाने निघते, कसणाऱ्याला थेट मोजणीवाले आल्यावर कळतं.

१ जानेवारी २०१४ पासून लागू झालेला भूसंपादन कायदा अशांना ‘हितसंबंधित व्यक्ती’ मानतो. त्यात कूळ, वहिवाटीच्या वाटेचा किंवा पाण्याचा हक्क असलेले आणि वनहक्क गमावणारे आदिवासी व इतर पारंपरिक वननिवासी येतात. वनहक्काचा पट्टा मिळालेला असेल तर कायद्याच्या व्याख्येत तुम्ही जमीनमालकच. वाटेकरी, शेतमजूर, मासेमार यांची उपजीविका संपादनाआधीची तीन वर्षं त्याच भागावर अवलंबून असेल, तर ते बाधित कुटुंब म्हणून पुनर्वसनाला पात्र ठरतात.

पहिली संधी प्राथमिक अधिसूचनेनंतरच्या ६० दिवसांत हरकतीची. खरी महत्त्वाची पायरी मात्र हक्काचे दावे मागवणारी कलम २१ ची नोटीस. त्यात दिलेल्या तारखेला भूसंपादन अधिकाऱ्याकडे आपला हक्क काय, क्षेत्र किती, झाडं-विहीर-घर काय आहे हे लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. नुसतं ‘साहेबांना सांगितलंय’ पुढे कुठेच टिकत नाही.

सोबत सातबारा (‘इतर हक्क’ रकाना नीट वाचा, कुळाचं नाव बहुधा तिथे असतं), जुने फेरफार, पीकपाहणी, खंडाच्या पावत्या, वारसांची वंशावळ जोडा. वनहक्काचा दावा प्रलंबित असेल तर त्याची पोच आणि ग्रामसभेचा ठराव लावा. कागद तुटपुंजे असले तरी थांबू नका: गावातल्या, स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, बांधबंदिस्ती, घराच्या खुणा हे वनहक्क नियमांत पुरावे म्हणून मान्य आहेत.

निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) झाला आणि रक्कम, मोजणी किंवा वाटणी पटली नाही, तर कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रकरण प्राधिकरणाकडे (या कायद्याखालचे मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या यंत्रणेकडे) पाठवायला सांगता येतं. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत सहा आठवडे. गैरहजर असाल तर मुदतीचं गणित वेगळं आहे, पण त्या भरवशावर राहू नये. सबळ कारण असेल तर जिल्हाधिकारी आणखी एक वर्षापर्यंत उशीर माफ करू शकतात. तो त्यांचा अधिकार आहे, तुमचा हक्क नव्हे.

लोक फसतात ते धनादेश घेताना. पैसे घ्यायला हरकत नाही, पण पावतीवर ‘निषेध नोंदवून स्वीकारले’ असं लिहिलं नाही तर कलम ६४ चा रस्ता बंद होतो. मालकी कोणाची यावरच वाद असेल तर रक्कम प्राधिकरणाकडे जमा करण्याची मागणी लेखी करा. एकदा ती दुसऱ्याच्या खात्यात गेली की वसूल करणं महाकठीण.

राष्ट्रीय महामार्गाला जमीन जात असेल तर वाट निराळी. तिथे १९५६ चा महामार्ग कायदा चालतो: रकमेचा वाद लवादाकडे, हिश्श्याचा वाद सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत दिवाणी न्यायालयात. म्हणून आधी नोटिशीवर कायद्याचं नाव आणि कलम कोणतं आहे ते पाहा, मगच अर्ज लिहायला घ्या.