जुन्या रिव्हॉल्व्हरचं ब्ल्यूइंग पुन्हा करावं का?

आजोबा पलटणीतून आले, परवाना काढला, रिव्हॉल्व्हर घेतलं. आता ते नातवाच्या नावावर चढवायचं आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात अशी कागदपत्रं सुरू झाली की सोबत एक सल्ला हमखास मिळतो: 'काळं करून घ्या, नवं दिसेल.' वाद तिथूनच सुरू होतो.

ब्ल्यूइंग म्हणजे गंज रोखायला पोलादावर चढवलेला निळसर-काळा थर. जुन्या पद्धतीत पोलादावर आम्लाने बारीक गंज आणत, तो उकळत्या पाण्यात काळा करत, घासत आणि पुन्हा तेच. अमेरिकी कारखाने भट्टीत कोळसा आणि तेलाच्या धुरात भाग तापवत. त्या निळाईला खोली असे, पण ती नाजूक. १९३०च्या दशकापासून कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं सुमारे १४० अंशांचं द्रावण रुळलं. काम मिनिटांत, रंग एकसारखा, काळ्याकडे झुकणारा. दुसऱ्या महायुद्धात तर पॉलिशलाही वेळ नव्हता. त्या काळातल्या स्मिथ अँड वेसनच्या 'व्हिक्टरी' मॉडेलचा राखाडी फॉस्फेट थर पाहून आजही कोणी म्हणतं, 'ब्ल्यू उडालंय.' उडालेलं काही नाही, तो थर तसाच असतो. उलट १९५५च्या कोल्ट पायथनची चमक रसायनापेक्षा आधीच्या पॉलिशची होती.

आणि हे पॉलिशच नव्याने ब्ल्यू करताना घात करतं. थर चढवण्याआधी गंज काढायला भाग बफवर, म्हणजे पॉलिशच्या फिरत्या चाकावर, धरला जातो. मग नळीवरची अक्षरं उथळ होतात, धारा गोलावतात, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो. ज्या जुन्या स्मिथ अँड वेसनचा घोडा आणि ट्रिगर मुळात केस-हार्डनिंगच्या (पोलादाचा पृष्ठभाग कडक करण्याच्या प्रक्रियेच्या) करड्या-तपकिरी छटांचे होते, तेही सरसकट काळे होऊन आले की संग्राहक तिथेच किंमत पाडतो. अति तापलेल्या द्रावणातून भाग जांभळट निघतो, तो वेगळाच प्रकार.

दुसरी बाजूही खरी आहे. खारा वारा आणि मृगानंतरची दमट हवा ब्ल्यूला जुमानत नाही. मुळात हा थर अगदी पातळ, त्याचं खरं काम तेल धरून ठेवण्याचं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये पावसाळाभर ठेवलेल्या नळीवर खड्डे पडतात. निवडणुकीत शस्त्र ठाण्यात जमा झालं की महिना-दोन महिने तेलाचा हातही फिरत नाही.

तरी खड्डा पडला तो पडलाच. नव्या काळ्या थराखाली तो अधिकच उठून दिसतो. आगोटीच्या आधी होल्स्टरमधून काढा, मशीनचं तेल लावा, कोरड्या सुती कापडात ठेवा. खोबरेल नको, चिकटतं. काम करून घ्यायचंच असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच, आणि बफ न लावण्याचं आधी ठरवून. दुनळी बारा बोअर बंदुकीला मात्र कॉस्टिकचं द्रावण कधीच नको: दोन नळ्या जोडणारं सोल्डर त्यात विरघळतं.