एमपी३ फ्लॅकमध्ये बदलली की आवाज सुधारतो?

‘घरच्या म्युझिक सर्व्हरवर टाकण्याआधी एमपी३ गाणी फ्लॅकमध्ये बदला, आवाज सीडीसारखा होतो,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. (फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न गाळता साठवणारा फाइल-प्रकार.) पटतंही, कारण ४ एमबीची फाइल वीसेक एमबीची होते. पण एमपी३ करताना फाइल लहान व्हावी म्हणून आवाजाचा जो तपशील गाळला, तो परत येत नाही. फ्लॅक उरलेलंच जसंच्या तसं जपतं.

खात्री करायची तर दोन्ही फाइली ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या उंचीचे स्वर किती आहेत ते दाखवणारं चित्र) पाहा. १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे अगदी उंच स्वरांच्या जागी, बहुधा रिकामं दिसतं. फ्लॅकमध्येही तेवढंच रिकामं. (आपल्या वयाच्या कानांना तिथलं कितपत ऐकू येतं, हा वेगळाच वाद.)

नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून कधीकाळी घेतलेली ऑडिओ सीडी कपाटात असेल, तर तीच थेट फ्लॅकमध्ये उतरवा. बाकी एमपी३ आहेत तशा राहू द्या, जेलीफिनसारखा घरचा म्युझिक सर्व्हर चालवणारा प्रोग्रॅम त्याही वाजवतो.